लाकूड गेले, तेल राहिले

टेनपिन बोलिंगचा खेळ प्रथमच पाहणाऱ्यास वाटते, की हात बळकट आणि चेंडू जड असला म्हणजे पुढच्या दहा पिना पडल्याच. परंतु या खेळातील खरी झुंज असते ती डोळ्यांना क्वचितच दिसणाऱ्या तेलाच्या थराशी.

१८९५ साली न्यूयॉर्क येथे अमेरिकन बोलिंग काँग्रेस स्थापन झाली आणि खेळाचे नियम एकसूत्री होऊ लागले. त्या काळचे चेंडू लिग्नम व्हिटे नामक अतिशय कठीण लाकडाचे असत. विसाव्या शतकाच्या आरंभी रबराचे आले. साठ फुटांची लेन मेपल आणि पाइन यांच्या फळ्यांची. सोळा पौंडांपर्यंतचे चेंडू तिच्यावर आदळत, घासत. तिचा लेप झिजू नये म्हणून तेल लावण्याचा प्रघात पडला. हेतू केवळ रक्षणाचा होता. परंतु त्यायोगे एकाच लेनला दोन स्वभाव आले. तेलावर चेंडू घसरतो. पुढे कोरड्या भागात त्याची पकड बसते आणि फिरकी दिलेला चेंडू वळून पिनांवर तिरका जातो.

ही पकड वाढविण्याचे प्रयत्न साहजिकच सुरू झाले. १९७३ साली डॉन मक्यून या व्यावसायिक खेळाडूने प्लॅस्टिकचा चेंडू द्रावकात भिजवून मऊ केला आणि त्या वर्षी सहा स्पर्धा जिंकल्या. तेव्हा नियमांत त्यास मनाई नव्हती. मग प्रश्न उभा राहिला: विजय हाताचा, की चेंडूचा? संघटनांनी उत्तर दिले ते चेंडूच्या कठीणपणाची किमान मर्यादा घालून. तथापि शोध थांबला नाही. १९८१ मध्ये युरेथेनचा आणि १९९० च्या दशकारंभी रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचा चेंडू आला.

आज जाणता खेळाडू अनेक चेंडू बाळगतो. तेल पुष्कळ असल्यास खरखरीत पृष्ठाचा रेझिनचा चेंडू; तेल कमी असल्यास घोटीव; अगदी कोरड्या लेनवर, किंवा कोपऱ्यातील एकटी पिन टिपताना, टणक प्लॅस्टिकचा. पण निवड करून भागत नाही. रेझिनचा चेंडू तेल शोषतो. ज्या स्थितीसाठी तो निवडला, तीच तो प्रत्येक फेकीगणिक पुसत जातो. पहिल्या डावात अचूक वळणारा चेंडू तिसऱ्या डावात अवेळी वळतो, आणि खेळाडूस जागा तरी बदलावी लागते, नाही तर चेंडू.

ज्या लाकडासाठी तेल आले, त्याची जागा अनेक ठिकाणी कृत्रिम पृष्ठाने घेतली आहे. तेल मात्र राहिले. आणि खेळाडूच्या विवेकाची परीक्षा आता तेच घेते.