जागतिक हवामान चर्चेत काटोलच्या मजुराला जागा कुठे?

काटोल तालुक्यात संत्र्याचा आंबिया बहार घ्यायचा तर हिवाळ्यात झाडाचे पाणी तोडून ताण द्यावा लागतो. नेमका तेव्हाच अवकाळी पाऊस आला की ताण बिघडतो आणि फूल नीट धरत नाही. नुकसान बागायतदाराचे होतेच, पण तोडणीला जाणाऱ्या भूमिहीन मजुराची रोजीही जाते. पंचनामा सातबाऱ्यावर होतो, त्यात मजुराचे नाव नसते. हवामान धोरणाच्या चर्चेतही नेमके हेच होते, म्हणून हा विषय आमच्या दृष्टीने प्रतिनिधित्वाचा आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या 1992 च्या हवामान करारानुसार देशांच्या परिषदा होतात. तिथे निर्णय सरकारे घेतात. 2070 पर्यंत भारताचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याची घोषणा पंतप्रधानांनी नोव्हेंबर 2021 मध्ये ग्लासगो येथे केली. 2030 साठीची सुधारित उद्दिष्टे केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2022 मध्ये मंजूर केली. यातले काहीही ग्रामसभांपुढे आले नाही.

सामान्य माणसाला आत आणण्याचे प्रयोग मात्र झाले आहेत. 26 सप्टेंबर 2009 रोजी, कोपनहेगन परिषदेपूर्वी, 38 देशांत एकाच दिवशी सुमारे चार हजार नागरिकांनी सारख्याच प्रश्नांवर चर्चा करून मत दिले. भारतही त्यात होता. 2021 ची 'ग्लोबल असेंब्ली' आणखी पुढे गेली. आधी लोकसंख्येच्या प्रमाणात जगातली शंभर ठिकाणे चिठ्ठीने काढली, मग स्थानिक संस्थांनी तिथल्या लोकांशी बोलून प्रत्येक ठिकाणाहून एकेक माणूस चिठ्ठीनेच निवडला. निवडलेल्यांना मानधन आणि दुभाषी दिले. त्यांचा जाहीरनामा ग्लासगोत मांडला गेला. तो कोणत्याही सरकारवर बंधनकारक नव्हता, ही त्याची मोठी मर्यादा. तरीही निवडीची पद्धत आम्हाला महत्त्वाची वाटते. चिठ्ठी काढली की नेहमी बोलणारेच पुढे बसत नाहीत.

भाषेचा अडथळा आपल्याकडे 2020 मध्ये उघड झाला. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा हरकतींसाठी खुला होता, पण मराठीत नव्हता. 30 जून 2020 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतील भाषांत देण्यास सांगितले आणि हरकतींची मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवली. वाचताच येत नसेल तर हरकत कशी घेणार?

काटोल शहरात नगर परिषद आहे, पण तालुक्यातील गावांत ग्रामसभा आहे. कायद्याने वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात आणि प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा. पाणी, सामाजिक वनीकरण, अपारंपरिक ऊर्जा हे राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतले विषय आहेत. म्हणजे हवामानावर ठराव करायला नवे व्यासपीठ शोधावे लागत नाही.

पण 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गावाबद्दल काय म्हटले, ते ग्रामसभेचे गोडवे गाताना आठवावे. गाव हे संकुचितपणाचे आणि जातीयतेचे घर आहे, असा त्यांचा इशारा होता. बागेच्या मालकासमोर त्याच्याच बागेत काम करणारी बाई उन्हाबद्दल आणि मजुरीबद्दल मोकळेपणाने बोलेल, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून महिला सभा कागदावर न ठेवता खरोखर घ्यायला लावणे हे कार्यकर्त्यांचे पहिले काम. त्याआधी वस्तीत मतदार यादीतून चिठ्ठीने पंधरा-वीस जण निवडून वेगळी बैठक घ्यावी. ती संध्याकाळी, काम आटोपल्यावर ठेवावी. दिवसा घ्यायची असेल तर बुडालेली रोजी वर्गणीतून भरून द्यावी.

बैठकीत 'कार्बन' या शब्दापासून सुरुवात करू नये. विहिरीला पाणी किती दिवस पुरले, उन्हामुळे काम किती वाजता थांबवावे लागले, कापूस वेचणीचे किती दिवस पावसाने गेले, हे विचारावे. उत्तरे लिहून ती ठरावाच्या रूपात ग्रामसभेत मांडावीत, इतिवृत्तात नोंद झाल्याची खात्री करावी आणि प्रत मागून घ्यावी. ती प्रत जिल्हाधिकारी आणि राज्याचा पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग यांना पाठवून पोचपावती जपून ठेवावी. पुढे एखाद्या मसुद्यावर हरकती मागवल्या जातील, तेव्हा हेच कागद जोडता येतात.