आंबेडकर की अंबेडकर? ज्ञानकोशातल्या 'शुद्ध'पणाचा इतिहास

विकिपीडियाच्या चर्चापानांवर एखाद्या कान्यावरून, एखाद्या उपाधीवरून महिनोन्महिने वाद चालतो, तेव्हा चळवळीतले आपले बरेच मित्र हसतात. गावागावांत अत्याचार चालू आहेत, शिष्यवृत्त्या थकल्या आहेत आणि ही मंडळी 'आं' की 'अं' यावर भांडत बसली आहेत, असे त्यांचे म्हणणे असते. आम्हाला ते पटत नाही. महाराष्ट्रात 'शुद्ध' कोणते हे ठरवण्याचा अधिकार कधीच निव्वळ व्याकरणाचा राहिलेला नाही. जोतीराव फुल्यांच्या विचारांना उत्तर देण्याऐवजी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांच्या मराठीच्या चुका काढल्या. पुढे १८८५ मध्ये ग्रंथकार सभेचे निमंत्रण आले तेव्हा फुल्यांनी ते सरळ नाकारले. हा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला चर्चापानावरचा वाद क्षुल्लक वाटणार नाही.

आधी नावाचेच पाहू. बाबासाहेबांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचा प्रवेश झाला, तिथल्या रजिस्टरमध्ये नाव आहे 'भिवा रामजी आंबेडकर'. मराठी माणसाच्या तोंडी पहिला स्वर दीर्घच येतो. पण रोमन लिपीतल्या 'ए' या एकाच अक्षरात 'अ'ही मावतो आणि 'आ'ही. इंग्रजीतून नाव वाचणाऱ्या हिंदी प्रदेशात त्याचे 'अंबेडकर' झाले असावे, असे आमचे मत आहे. तिकडच्या आपल्या बांधवांनी त्याच उच्चाराने लाखो घोषणा दिल्या, म्हणून त्यात त्यांचा काही अपराध आहे असे कोणी समजू नये.

मार्च २०१८ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने आदेश काढून सरकारी कागदपत्रांत 'डॉ. भीमराव रामजी आंबेडकर' असे लिहायला सांगितले. आग्रह होता तेव्हाचे राज्यपाल, मराठी भाषक राम नाईक यांचा, आणि आधार दिला गेला तो संविधानाच्या प्रतीवरील बाबासाहेबांच्या सहीचा. पुरावा खराच आहे. पण तेवढ्याच आदेशाने 'रामजी' हे मधले नाव एकाएकी पुढे आले, आणि 'राम' हाच शब्द ठळक व्हावा हा हेतू आहे, अशी शंका अनेकांनी जाहीरपणे घेतली. ती शंका निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. अक्षर बरोबर असू शकते आणि त्यामागचा हेतू वेगळा असू शकतो. दोन्ही वेगवेगळे तपासावे लागते.

आता 'बाबासाहेब' या शब्दाकडे वळू. ज्ञानकोशात आदरार्थी उपाध्या नकोत, असा नियम सांगितला जातो. नियम म्हणून तो चांगला आहे. नाही तर प्रत्येक पुढाऱ्याच्या नावामागे 'लोकनेते' लागेल. इंग्रजी विकिपीडियावर बाबासाहेबांच्या लेखाचे शीर्षक 'बी. आर. आंबेडकर' आहे. पण त्याच इंग्रजी विकिपीडियावर गांधींच्या लेखाचे शीर्षक काय आहे? 'महात्मा गांधी'. कारण दुसरा एक नियम आहे : व्यक्ती ज्या नावाने सर्वाधिक ओळखली जाते ते नाव शीर्षकाला घ्यावे. म्हणजे नियम दोन आहेत, आणि कोणाला कोणता लावायचा हे चर्चेला कोण हजर आहे आणि कोणाकडे किती छापील पुरावा आहे यावर ठरते. मराठीत 'बाबासाहेब' हे सर्वाधिक वापरातले नाव आहे हे सिद्ध करायला भावनेची गरज नाही, संदर्भ पुरेसे आहेत. 'आमच्या भावना दुखावल्या' असे लिहिणारा तरुण तिथे हरतो, हे आम्ही पाहिले आहे. आणि हरल्यावर तो 'सगळे मनुवादी आहेत' म्हणून निघून जातो. मग पान त्यांच्याच हाती उरते.

बाबासाहेब कसे वाद घालत, ते पाहा. मराठीतला पहिला मोठा आधुनिक ज्ञानकोश श्रीधर व्यंकटेश केतकरांचा. त्याचे खंड १९२०च्या दशकात निघाले. पण त्याआधी, १९०९ मध्ये केतकरांनी जातिसंस्थेच्या इतिहासावर इंग्रजीत पुस्तक लिहिले होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी जातींवरचा आपला निबंध वाचला, त्यात केतकरांची व्याख्या त्यांनी समोर घेतली. इतर लेखकांपेक्षा केतकर बरे, हे आधी मान्य केले. मग दाखवून दिले की केतकर जी दोन लक्षणे वेगळी मोजतात (जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्माने सदस्यत्व) ती एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. भावी ज्ञानकोशकाराच्या व्याख्येतली फट एका महार विद्यार्थ्याने दाखवली, ती एकही शिवी न देता. हा निबंध पुढच्याच वर्षी 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला, म्हणून आज तो संदर्भ म्हणून देता येतो.

भाषेचा खरा पेच मात्र पाली शब्दांचा आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ मध्ये सरकारने मान्य केले, १९७२ मध्ये ४ वाढले. त्यांत 'तत्सम' म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांना वेगळी वागणूक आहे. 'धम्म', 'भिक्खू', 'तिपिटक' यांचे काय? ते ना तत्सम, ना घरगुती मराठी. म्हणून कोणीतरी संपादक येतो आणि 'धम्म'चा 'धर्म', 'भिक्खू'चा 'भिक्षू' करून 'शुद्धलेखन सुधारले' अशी नोंद करून जातो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात धम्म आणि धर्म यांतला फरक मांडण्यासाठी किती पाने खर्ची घातली! तो फरक दोन अक्षरांत पुसला जातो. त्यांनी पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांवर केलेले काम शासनाच्या ग्रंथमालेत १६व्या खंडात छापलेले आहे; ते पुढे ठेवावे. उलट बाजूही सांगितली पाहिजे : त्याच ग्रंथात बाबासाहेब 'सिद्धार्थ' हे संस्कृत रूपही वापरतात. तेव्हा 'सिद्धत्थ'च लिहा म्हणून हट्ट धरण्यात अर्थ नाही.

'नवबौद्ध' या शब्दाचेही तसेच. सरकारी योजनांच्या कागदांवर तो आहे, म्हणून लेखात कोणीतरी तो घालतो. दीक्षेला सत्तर वर्षे होत आली, तीन पिढ्या बौद्ध म्हणून जन्मल्या. त्यांना 'नव' कोणत्या हिशोबाने म्हणायचे? २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक लोक 'बौद्ध' म्हणून मोजले गेले, 'नवबौद्ध' म्हणून नव्हे. चर्चापानावर हा एवढा आकडा पुरतो.

सर्वांत अवघड नियम आहे छापील संदर्भाचा. आजीने सांगितलेले तिथे चालत नाही. आपला निम्मा इतिहास तर आजीच्या तोंडी, जलशांत आणि वस्तीतल्या आठवणींत आहे. नियम अन्याय्य आहे अशी तक्रार करता येईल. पण वाट काढणारेही होऊन गेले. भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलशांवर स्वतः पुस्तक लिहून ठेवले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटत फिरल्या आणि 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक उभे राहिले. काल जी फक्त आठवण होती ती आज पान क्रमांकासह देता येणारा संदर्भ आहे. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जे पंधरा-सोळा वर्षांचे होते ते आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करायचे, लिहून काढायचे आणि एखाद्या अंकात किंवा पुस्तकात तारखेसह छापायचे, हे काम येत्या दोन-चार वर्षांतच होऊ शकते.