मांडवीतला ताप

प्लेग म्हटलं की आपल्याला आधी पुणे आठवतं, रँड आणि चापेकर बंधू आठवतात. पण गोष्ट सुरू होते मुंबईत. सप्टेंबर १८९६. मांडवी म्हणजे बंदराजवळची, धान्याच्या गोदामांची दाट वस्ती. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तिथले तापाचे रोगी पाहिले आणि निदान केलं, हा गाठीचा प्लेग!

मग सुरू झाला शोध. घरोघर झडत्या, रोग्याला उचलून इस्पितळात, घरच्यांना छावणीत. घरांच्या भिंतींवर वर्तुळाच्या खुणा. कागदावर सगळं चोख. पण इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, असं लोकांच्या मनात पक्कं बसलं. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्लाच केला. लोक आजारी माणसं लपवू लागले, मृत्यूचं कारण भलतंच सांगू लागले. जमेल तो गावाकडे पळाला, आणि सोबत रोगही गेला.

म्हणजे गंमत बघा (गंमत कसली म्हणा!), रोग जितक्या जोरात शोधावा तितका तो दडून बसत होता. नोंदवहीतले प्लेगचे बळी कमी आणि शहरातले एकूण मृत्यू मात्र नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. खरा आकडा या फरकात लपलेला होता.

आणि झडत्या माणसांच्या चालल्या असताना खरा वाहक होता उंदरांवरची पिसू! पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत ते दाखवलं, तेव्हा फारसं कुणी मानलं नाही. पुढे परळच्या प्रयोगशाळेतल्या कामाने ते पक्कं झालं. हीच आजची हाफकिन संस्था.

१८९७ चा साथरोग कायदा याच धामधुमीत आला. २०२० साली करोनात तोच कायदा पुन्हा लागू झाला. त्या एप्रिलमध्ये धारावीत पहिला रोगी सापडल्यावर पालिकेची माणसं तिथेही दारोदार गेली, पण त्यांच्यासोबत वस्तीतलेच खाजगी डॉक्टर होते. लोक ज्यांच्याकडे एरवी ताप-खोकल्याला जातात, तेच. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

आजारी माणसाने आपणहून दार उघडलं तरच साथीचा माग लागतो. दार फोडून आत गेलं, की हाती येते ती रिकामी खाट.

असो. तुमच्या घरी पणजी-आजीकडून आलेल्या प्लेगच्या आठवणी असतील, तर जरूर लिहा. सरकारी वह्यांत न आलेलं बरंच काही त्यांत सापडेल.