मॅकबेथ

विल्यम शेक्सपिअरची पाच अंकी शोकात्मिका. लेखन सु. १६०६, प्रथम मुद्रण १६२३. इतिहासातला स्कॉटलंडचा राजा डंकन १०४० मध्ये लढाईत पडला. शेक्सपिअरने हॉलिन्शेडच्या बखरीतील डफ राजाच्या खुनाचा प्रसंग उचलून डंकनला त्याचा सरदार मॅकबेथ याच्या घरी, पाहुणा म्हणून झोपलेला असताना मारवले. नाटकात चेटकिणी मॅकबेथच्या राजपदाचे भाकीत करतात, खून करा असे सांगत नाहीत. तो निर्णय मॅकबेथच्या महत्त्वाकांक्षेचा आणि पत्नीच्या चिथावणीचा. अपराधभाव मात्र दोघांना उलट दिशांनी गाठतो: खुनाच्या रात्री हात धुतले की झाले, असे मानणारी लेडी मॅकबेथ पाचव्या अंकात झोपेत चालत, हातावर नसलेला डाग चोळत राहते, तर खुनाच्या रात्री कचरलेला मॅकबेथ निर्ढावत जातो. शि. म. परांजपे यांचे ‘मानाजीराव’ आणि वि. वा. शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ (१९५४) ही मराठी रूपांतरे.