पिकावरचे औषध आणि डब्यावरचा रंग

रेणापूरच्या शिवारात तूर फुलावर आली की शेंगा पोखरणारी अळी येणारच. तिच्यावर 'औषध मारायचे' असे आपण म्हणतो. औषध कसले, विषच ते!

आपले आजे-पणजे कणगीत कडुलिंबाचा पाला घालीत. 1939 साली स्वित्झर्लंडच्या पॉल म्यूलर यांना डी.डी.टी.चा कीडनाशक गुण सापडला. 1948 साली त्यांना नोबेल मिळाले. पाठोपाठ बी.एच.सी. पावडर आली. किडी मेल्या खऱ्या, पण ही विषे मातीत वर्षानुवर्षे टिकतात, चाऱ्यातून दुधात उतरतात. म्हणून आपल्या देशात शेतीसाठी डी.डी.टी. 1989 साली बंद झाली, बी.एच.सी. 1997 साली.

पॅराथिऑनसारखी विषे लवकर विरतात, पण माणसालाच धरतात. 1958 साली केरळात ते अन्नात मिसळून शंभरावर माणसे दगावली. पुढे 1968 साली कीटकनाशक कायदा झाला आणि त्याच्या नियमांनी डब्यावर रंगीत त्रिकोण आला. लाल सर्वांत जहाल. मग पिवळा, निळा, हिरवा. अक्षरओळख नसली तरी रंग कळतो. गुरुजी, तेवढा फळ्यावर काढून दाखवा. कायदा असूनही 2017 साली यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने विसाहून अधिक माणसे गेली.

अळी लहान आहे तोवर 100 लिटर पाण्यास 5 किलो निंबोळीचा अर्क फवारावा. मोठ्या अळीला तो फारसा जुमानत नाही.