आयरिश सेशनसाठी पियानो अकॉर्डियन घ्यायचंय? १२० बासच्या मोहात पडण्याआधी हे वाचा

पबमधल्या कोपऱ्यातलं एक टेबल. भोवती सात-आठ जण. कोणाच्या हातात फिडल, कोणाच्या हातात बासरी, एक जण बोधरान नावाची डफासारखी चामड्याची चकती बडवतोय आणि एक जण अकॉर्डियन वाजवतोय. समोर स्टँड नाही, नोटेशनचा कागद नाही, माईकही नाही. एक धून संपली की न थांबता दुसरी सुरू होते. असले रील तुम्हीही स्क्रोल करता करता पाहिले असतील.

याला म्हणतात सेशन. मैफल नव्हे, कारण इथे श्रोत्यांसाठी कोणी वाजवत नाही. आपल्याकडच्या भजनाच्या बारीशी थोडं साम्य आहे, म्हणजे जमायचं, एकत्र वाजवायचं आणि ज्याला येतं त्याने सामील व्हायचं. फक्त इथे गाणं कमी आणि नाचाच्या धुना जास्त.

आता ज्याच्या घरी पेटी आहे त्याला हा अकॉर्डियनवाला बघून हमखास वाटतं, की हे तर आपल्याला जमेल. वाटणं अगदीच चूक नाही. पेटी आणि अकॉर्डियन एकाच कुळातले. भात्याने हवा ढकलायची, तिने धातूची पट्टी थरथरवायची आणि त्यातून सूर काढायचा. व्हिएन्नामध्ये सिरिल डेमियनने १८२९ साली अकॉर्डियन नावाचं पेटंट घेतलं, तेव्हाही तत्त्व हेच होतं. नोकरीसाठी डब्लिनला गेलेल्या एखाद्या मराठी माणसाला पेटीची सवय असेल तर उजव्या हाताचं निम्मं काम आधीच झालेलं असतं.

अडचण येते ती वाद्य विकत घेताना. दुकानात सगळ्यात दिमाखदार दिसतं ते सगळ्यात मोठं वाद्य, आणि सेशनला सगळ्यात गैरसोयीचंही बहुतेक वेळा तेच असतं.

पट्ट्या किती हव्यात?

अकॉर्डियनचं माप डाव्या हाताच्या बटणांवरून सांगतात. ४८ बास, ७२ बास, ९६ बास, १२० बास. त्यानुसार उजव्या हाताच्या पट्ट्याही वाढतात. १२० बासला सहसा ४१ पट्ट्या, ९६ ला ३७, ७२ ला ३४ आणि ४८ ला बहुतेकदा २६.

मग धुनांना किती लागतात? आयरिश धुना मुख्यतः फिडल, बासरी आणि टिन व्हिसल या वाद्यांवर घडल्या. फिडलची सगळ्यात खालची तार जी, म्हणजे आपली मंद्रातली पांढरी पाच. व्हिसलचा सगळ्यात खालचा सूर डी, म्हणजे पांढरी दोन. वर जायचं तर बहुतेक धुना त्या पांढरी दोनपासून जेमतेम दोन सप्तकांत आटोपतात.

गंमत अशी, की ३४ पट्ट्यांचं अकॉर्डियन सहसा नेमकं त्या मंद्र जीपासून सुरू होतं आणि वरच्या ईपर्यंत जातं. फिडलवर जे काही वाजतं ते सगळं यात मावतं, वर थोडी जागा उरते. २६ पट्ट्यांच्या वाद्यात खालचा सूर बहुतेकदा बी असतो, त्यामुळे फिडलच्या खालच्या तारेवर उतरणाऱ्या धुना अर्धवट तुटतात. ४१ पट्ट्यांमधल्या वरच्या सात-आठ पट्ट्यांना सेशनमध्ये वर्षभर बोट लागत नाही. त्यांचं वजन मात्र दर वेळी मांडीवर असतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. पहिलं वाद्य ७२ बास, ३४ पट्ट्यांचं घ्या. हात लहान असतील, पाठीचं दुखणं असेल किंवा बसने प्रवास करायचा असेल तर ४८ बासही चालेल, पण मग ३० च्या आसपास पट्ट्या असलेलं शोधा आणि खालचा सूर कुठला ते आधी तपासा.

वजनाचा फरक किरकोळ नाही. चार संचांचं १२० बास साधारण १० ते १२ किलो भरतं. ७२ बासचं ७-८ किलोंत बसतं. सेशन तीन-तीन तास चालतं, बिनहाताच्या स्टुलावर, शेजाऱ्याच्या फिडलचा गज कोपराला लागेल इतक्या दाटीत.

वेगाचाही प्रश्न आहे. रील नावाचा नाच-प्रकार (मोबाईलवरचा नव्हे, त्याच्याआधीचा) चांगल्या लयीत वाजला तर सेकंदाला सातेक सूर होतात. त्यात मध्येच चिमटीएवढे कण आणि तिहेरी मुरक्या. इतक्या चपळाईत भाता फिरवायचा तर तो लहान आणि हलकाच बरा. अकॉर्डियनच्या पट्ट्या पियानोपेक्षा मुळात अरुंद असतात आणि काही वाद्यांत आणखी अरुंद. पेटीच्या अंदाजाने बोटं टाकाल तर सुरुवातीला चुकतील, म्हणून दुकानात बसून एक सप्तक वर-खाली वाजवून बघाच.

खरा कळीचा मुद्दा: थरथर किती?

वेळ एकाच गोष्टीला द्यायचा असेल तर या गोष्टीला द्या.

पेटीवाल्यांना खर्ज, नर हे शब्द माहीत असतात. एकच पट्टी दाबली तरी आत दोन-तीन संच वाजतात, एक खालच्या सप्तकातला, एक मधला. अकॉर्डियनचंही तसंच. विकणारा 'एलएमएम' म्हणाला तर त्याचा अर्थ एक खर्जाचा संच आणि दोन मधले. उजव्या हाताजवळच्या खटक्यांवर गोल आणि ठिपके असतात. तीन मजल्यांचं घर समजा आणि ज्या मजल्यावर ठिपका, तो संच चालू.

आता दोन मधले संच जर तंतोतंत एका सुरात असतील तर आवाज स्वच्छ, सरळ येतो. पण कारखान्यात त्यातला एक मुद्दाम जरासा चढा लावतात. पहिला ४४० वर आणि दुसरा ४४४ वर असेल तर सेकंदाला चार हेलकावे ऐकू येतात. पॅरिसच्या कॅफेची आठवण करून देणारा तो लहरता आवाज याच युक्तीचा. जाणकार त्याला 'ओलं' ट्यूनिंग म्हणतात आणि सरळ आवाजाला 'कोरडं'.

स्कॉटलंडच्या नाचाच्या बँडमध्ये ओला आवाज परंपरेने चालत आला आहे. आयर्लंडमध्ये गेल्या काही दशकांत कल कोरड्याकडे झुकला. कारणही समजण्यासारखं आहे. फिडल आणि बासरी एकाच सुरावर नेमकं बोट ठेवून वाजत असताना शेजारी कोणी प्रत्येक सूर हेलकावत ठेवला, तर तो एकटाच सगळ्यांवर पसरतो. दोन ओली अकॉर्डियन एकत्र आली आणि दोघांचे हेलकावे वेगवेगळे असले तर विचारूच नका.

म्हणून सेकंदाला एक-दीड हेलकावा किंवा अगदी कोरडं, एवढंच मागा. तीन मधले संच असलेलं 'म्युझेट' वाद्य ऐकायला दुकानात मोहक वाटतं; सेशनसाठी नको. आणि घेतलेलं वाद्य नंतर कोरडं करून घेऊ म्हणाल तर हिशेब करा. ३४ पट्ट्या, तीन संच, आणि भाता दाबताना एक व ओढताना दुसरी अशा प्रत्येक सुराला दोन जिभा. एकूण २०४. फक्त मधला एक संच बदलायचा तरी ६८ जिभा हाताने घासायच्या.

याच्याशी जोडलेली एक बाब जाहिरातीत सहसा नसते. युरोपातली बरीच अकॉर्डियन ४४० ऐवजी ४४२ वर लावलेली असतात. फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण फिडलवाला तार पिळून जुळवून घेईल, कॉन्सर्टिनावाला काय करणार? त्याच्या जिभाही धातूच्याच. फोनवरच्या ट्यूनर अॅपने ए म्हणजे पांढरी सहा तपासा, फक्त एक मधला संच चालू ठेवून. दोन मिनिटांचं काम आहे.

डावा हात जरा जपून

७२ बासमध्ये बटणांच्या बारा रांगा असतात आणि सेशनला लागणारे डी, जी, ए, ई, बी हे सगळे त्यात येतात. ४८ बासच्या काही वाद्यांत मात्र आठच रांगा असतात आणि बी मायनरचं बटण गायब असतं. ते नक्की बघा, कारण त्या सुरातल्या धुना भरपूर आहेत.

पण बटणं आहेत म्हणून सगळी वाजवायची नसतात. आयरिश धुनांपैकी कितीतरी आपल्या काफी किंवा खमाज थाटाच्या स्वरांत असतात. शिवाय काही धुनांमध्ये एकच स्वर कधी शुद्ध, कधी कोमल लागतो. गिटारवाला किंवा बुझुकीवाला म्हणून गंधार गाळून मोकळे स्वरमेळ धरतो. अकॉर्डियनचं बटण दाबलं की मात्र गंधारासकट पूर्ण मेजर किंवा मायनर धाडकन वाजतं, आणि गिटारवाला तेव्हा दुसरंच काही धरून बसलेला असू शकतो. साथीला कोणी असेल तर डावा हात फक्त भात्यासाठी ठेवा किंवा अधूनमधून एकटा खर्ज द्या. अकॉर्डियनबद्दल सेशनमध्ये जे विनोद चालतात, त्यातले निम्मे या डाव्या हाताने ओढवून घेतलेले आहेत.

विनोदांपलीकडची नाराजीही जुनी आहे. संगीतकार शॉन ओ रिअडा यांनी १९६२ च्या आपल्या रेडिओ मालिकेत अकॉर्डियनवर कडक टीका केली होती. आजही आयर्लंडमध्ये पियानोच्या पट्ट्यांपेक्षा बटणांचं अकॉर्डियन जास्त आपलं मानलं जातं. त्यात भाता दाबला की एक सूर आणि ओढला की दुसरा, त्यामुळे धुनेला आपोआप झटका मिळतो. पियानो अकॉर्डियनमध्ये दोन्ही दिशांना एकच सूर, म्हणून ती उसळी भात्याने मुद्दाम आणावी लागते. ती येते का, हे ऐकायचं असेल तर रॉसकॉमनचे अॅलन केली, लंडनमध्ये जन्मलेल्या कॅरन ट्वीड आणि स्कॉटलंडचे फिल कनिंगहॅम यांना ऐका. १९५१ साली स्थापन झालेल्या कोल्तस या संस्थेच्या फ्ला ख्योल महोत्सवात पियानो अकॉर्डियनची स्वतंत्र स्पर्धाही असते.

आपल्याकडे हे वाद्य सिनेमामुळे कानावर पडलं. 'रूप तेरा मस्ताना'मधलं अकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचं, आणि पुण्याचे इनॉक डॅनियल्स तर याच वाद्यासाठी ओळखले गेले. पण ते काम वेगळं. तिथे अकॉर्डियनने उठून दिसायचं असतं, इथे मिसळायचं असतं.

जुनं घेताना

इटलीतल्या कास्तेलफिदार्दो गावात १८६३ पासून अकॉर्डियन बनतात. तिथलं नवं चांगलं वाद्य काही हजार युरोंच्या घरात जातं, म्हणून बहुतेक जण सेकंडहँड घेतात. त्यात वावगं काही नाही, फक्त बघून घ्या.

पट्टे सोडवा, वाद्य उभं धरा आणि एकही पट्टी न दाबता भाता आपल्या वजनाने उघडतो का बघा. भराभर उघडला तर हवा कुठून तरी निसटतेय. मग प्रत्येक पट्टी, प्रत्येक संचावर, दाबताना आणि ओढताना, हळू आवाजात वाजवा. एखादा सूर उशिरा बोलत असेल किंवा गुरगुरत असेल तर आतली चामड्याची झडप वाकलेली असण्याची शक्यता आहे. शेवटी भात्याजवळ नाक न्या. कुबट वास आला तर वाद्य ओलाव्यात पडून होतं असं समजा. मग जिभांवर गंज असू शकतो, कारण त्या पोलादाच्या असतात.

पन्नास-साठच्या दशकातलं वाद्य स्वस्तात मिळत असेल तर मेणाची चौकशी करा. जिभांच्या पट्ट्या आत मेण आणि राळेच्या मिश्रणाने बसवलेल्या असतात. ते सुकून तडकलं की सगळं काढून पुन्हा बसवावं लागतं आणि खर्च कधी कधी वाद्याच्या किमतीपुढे जातो.

भारतात आणणार असाल तर इथे दुरुस्ती कोण करेल, हे आधी ठरवा. पेटी दुरुस्त करणाऱ्याला सूर घासून लावणं येतं, पण पेटीच्या जिभा पितळेच्या असतात. पोलाद, मेण आणि चामड्याच्या झडपा हे काम वेगळं, तेव्हा त्याने आधी अकॉर्डियन उघडलंय का ते विचारा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात वाद्य सिलिका जेलच्या पुड्यांसकट पेटीत ठेवा, आठवड्यातून दोनदा बाहेर काढून वाजवा, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत अजिबात ठेवू नका. मेण मऊ झालं की जिभा जागा सोडतात.