पथकर : वापरातील महामार्गांवरील आकारणीचा अधिकार

आधीपासून वाहता असलेला रस्ता टोलखाली आणायचा की नाही, हे ठरवण्याची सत्ता. भारतात या प्रश्नावर दर वेळी संसदेत किंवा विधिमंडळात मतदान होत नाही. कायद्याने ही सत्ता सरकारला, म्हणजे व्यवहारात संबंधित खात्याला दिलेली आहे आणि राजपत्रातील अधिसूचनेद्वारे ती वापरली जाते. नाका उभा राहिला की लोकांना निर्णय कळतो; प्रत्यक्षात तो बहुधा त्याच्या कितीतरी आधी, निविदा काढताना आणि करारावर सह्या होताना झालेला असतो.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पथकर हा विषय राज्यसूचीत (नोंद 59) आहे. राष्ट्रीय महामार्ग मात्र केंद्रसूचीत (नोंद 23) येतात, म्हणून त्यांच्यावरची वसुली ‘शुल्क’ या नावाने केंद्र करते. खिसा एकच असल्याने वाहनचालक दोन्हींना टोलच म्हणतो. रस्ता ज्याचा, त्याचा अधिकार, असा हा हिशेब आहे; पण रस्ता कुणाचा, हेही केंद्राला बदलता येते. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956 च्या कलम 2 खाली एखादा राज्य महामार्ग राष्ट्रीय घोषित झाला, की त्याच्यावर शुल्क लावण्याचा अधिकारही केंद्राकडे येतो.

याच अधिनियमाच्या कलम 7 ने केंद्राला शुल्क आकारता येते. 1995 मध्ये घातलेल्या कलम 8अ मुळे रस्त्याचा विकास आणि देखभाल खाजगी व्यक्तीकडे किंवा कंपनीकडे सोपवून वसुलीही तिच्याकडेच ठेवण्याची सोय झाली. दर आणि अटी 2008 च्या शुल्क नियमांत आहेत : मोटारीसाठी 2007-08 च्या पायावर किलोमीटरला 65 पैसे, त्यावर दरवर्षी वाढ, एका दिशेला दोन नाक्यांमध्ये सर्वसाधारणपणे 60 किलोमीटरचे अंतर, नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खाजगी वाहनांना सवलतीचा मासिक पास. अंतराच्या नियमाला अपवाद करण्याची मुभा नियमांतच आहे. नाका कुठे बसवावा, याबद्दल आसपासच्या गावांची जनसुनावणी घेण्याचे बंधन मात्र नाही. ही या व्यवस्थेतली मोठी उणीव म्हटली पाहिजे.

काहीच काम न करता जुन्या दुपदरी रस्त्यावर नाका बसवणे या नियमांत बसत नाही. आधी सुधारणा, मग वसुली, असा सर्वसाधारण क्रम आहे. चौपदरी रस्ता सहापदरी करण्याच्या प्रकल्पांनी हा क्रम उलटा केला. पुणे-सातारा या 140 किलोमीटरच्या टप्प्यावर 2010 पासून सवलतदार कंपनीने खेड शिवापूर आणि आनेवाडी येथे वसुली सुरू केली आणि रुंदीकरण त्यानंतर वर्षानुवर्षे रेंगाळत राहिले. वळणरस्ते आणि अर्धवट उड्डाणपूल ओलांडत जाणारा माणूस सहापदरी रस्त्याचे पैसे आगाऊ भरत होता. लोकांच्या दृष्टीने हा अन्याय होता, कराराच्या दृष्टीने नियमभंग नव्हता. खेड शिवापूरचा नाका हलवावा, ही मागणी त्यातूनच जोर धरत गेली.

महाराष्ट्रात राज्याच्या अखत्यारीतील रस्त्यांवरच्या टोलच्या अधिसूचना मुंबई (आता महाराष्ट्र) मोटार वाहन कर अधिनियम, 1958 च्या कलम 20 खाली निघतात. रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे किंवा 1996 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचे असतात. महामंडळाने 2004 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि त्याच्या शेजारचा जुना मुंबई-पुणे महामार्ग या दोन्हींवरील वसुलीचा हक्क पंधरा वर्षांसाठी 918 कोटी रुपये आगाऊ घेऊन दिला. मुदत संपल्यावर तो 2020 मध्ये 8,262 कोटींना पुन्हा दिला गेला. मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवरील (वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन आणि दहिसर) नाके शहरातील उड्डाणपुलांचा खर्च काढण्यासाठी आले. पूल शहरभर विखुरलेले आणि वसुली वेशीवर, त्यामुळे पुलावरून न जाणाऱ्यालाही टोल चुकला नाही. 14 ऑक्टोबर 2024 रोजी, विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागण्याच्या आदल्या दिवशी, मंत्रिमंडळाने तेथे हलक्या वाहनांना पूर्ण माफी दिली.

कोल्हापूरचा लढा या विषयात वेगळा ठरतो. तिथे प्रश्न महामार्गाचा नव्हता, शहरातल्या सुमारे 50 किलोमीटर रस्त्यांचा होता. महापालिका, रस्ते विकास महामंडळ आणि खाजगी कंपनी यांच्या त्रिपक्षीय करारातून रस्त्यांची कामे झाली आणि बदल्यात तीस वर्षांचा टोल ठरला. शिरोली, फुलेवाडी अशा वेशीवरच्या नाक्यांवर ऑक्टोबर 2013 मध्ये वसुली सुरू झाली. आसपासच्या गावांतून रोज बाजारात, दवाखान्यात, कॉलेजात येणाऱ्यांनाही ती लागू होती. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या पुढाकाराने सर्वपक्षीय कृती समितीने आंदोलन चालवले. जानेवारी 2014 मध्ये नाके पेटवले गेले. 2015 मध्ये राज्य सरकारने हा टोल रद्द केला. कंपनीला किती पैसे द्यायचे, हे ठरवण्यासाठी झालेल्या कामाचे मूल्यांकन करावे लागले.

1 जून 2015 पासून राज्यातील 12 नाके बंद झाले आणि 53 नाक्यांवर मोटारी, जीप आणि एसटी बस यांना सूट मिळाली. अशा माफीची भरपाई कंत्राटदाराला सरकारी तिजोरीतून द्यावी लागते. म्हणजे गाडी नसलेला माणूसही गाडीवाल्याचा टोल भरतो, ही गोष्ट माफीच्या घोषणेत सहसा येत नाही.

अमेरिकेत नियम बराच कडक आहे. केंद्रीय निधीतून झालेले रस्ते टोलमुक्त असावेत, हे तत्त्व तिथे 1916 च्या कायद्यापासून चालत आले आहे. 1998 मध्ये वापरातील तीन आंतरराज्य महामार्गांपुरती प्रायोगिक मुभा मिळाली. पेनसिल्व्हेनियाने आय-80 साठी अर्ज केला, तो 2010 मध्ये केंद्राने फेटाळला.

न्यायालये धोरणात सहसा पडत नाहीत, पण अधिकार आणि सेवा या दोन मुद्द्यांवर त्यांनी हस्तक्षेप केला आहे. केरळमधील पालियेक्करा नाक्यावरची वसुली रस्त्याच्या दुरवस्थेमुळे उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये थांबवली आणि सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. दिल्ली-नोएडा डीएनडी उड्डाणमार्गाचा टोल अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2016 मध्ये बंद केला होता. डिसेंबर 2024 मध्ये तो निकाल उचलून धरताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की शुल्क लावण्याचा अधिकार खाजगी कंपनीच्या हाती देण्याची सत्ता नोएडा प्राधिकरणाला मुळात नव्हतीच.